नेम बरोबर, बार फुसका

२४ जुलै १९४३. पॅसिफिक महासागरात, ट्रुक बेटांच्या पश्चिमेला, ‘टिनोसा’ या अमेरिकन पाणबुडीला घबाड लागलं होतं. समोर होतं ‘तोनान मारू क्रमांक ३’, एकोणीस हजार टनांचं जपानी जहाज. मुळात तो देवमाशांचं तेल काढणारा तरंगता कारखाना; युद्ध लागल्यावर त्याला खनिज तेल वाहायला जुंपलेलं. जपानच्या व्यापारी ताफ्यातल्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी हे एक, आणि त्या दिवशी राखणीला सोबत एकही युद्धनौका नाही.

टिनोसाचा कप्तान डॅन डॅस्पिट याने आधी लांबून, जरा अडचणीच्या कोनातून, चार टॉर्पेडो सोडले. त्यातले दोन लागले. पाणी उडालं, स्फोट झाला नाही. जहाज वळून पळू लागलं तेव्हा त्याने मागून तिरके आणखी दोन सोडले. ते दोन्ही फुटले. जहाज मागच्या बाजूने जरा पाण्यात बसलं आणि जागच्या जागी थांबलं.

आता शिकार हातातच आलेली. डॅस्पिटने पाणबुडी सावकाश फिरवली आणि जहाजाच्या कुशीला बरोबर काटकोनात, साधारण ८०० मीटरवर आणून ठेवली. प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवतात अगदी तशी. एक टॉर्पेडो सोडला. पस्तीसेक सेकंदांनी तो जाऊन आदळला. काही नाही. दुसरा सोडला. काही नाही. तिसरा, चौथा... असे एकामागून एक नऊ. नऊच्या नऊ लागले आणि नऊच्या नऊ फुसके निघाले. त्यातला एक तर जहाजावर आपटून उजवीकडे वळला आणि थोड्या अंतरावर पाण्यातून चक्क वर उसळला. हे आपण पाहिलं यावर आपलाच विश्वास बसत नाही, अशा अर्थाची नोंद डॅस्पिटने तिथल्या तिथे करून ठेवली.

एक टॉर्पेडो उरला होता. तो त्याने सोडला नाही. तसाच पर्ल हार्बरला परत नेला, म्हणजे तज्ज्ञांना उघडून बघता येईल. तज्ज्ञांनी उघडून बघितला. त्यात काहीही बिघाड सापडला नाही.

आणि तज्ज्ञ खोटं बोलत नव्हते. टॉर्पेडो आराखड्याबरहुकूम बनलेला होता. बिघाड आराखड्यातच होता.

पर्ल हार्बर आणि मिडवे ही नावं आपल्याला सिनेमांमुळे का होईना, माहीत असतात. त्याच युद्धातली ही टॉर्पेडोची गोष्ट मागे पडते, कारण तिच्यात जवळजवळ दोन वर्षं शत्रूपेक्षा स्वतःच्याच खात्याशी लढाई चालली होती. शिवाय ती थोडी तांत्रिक आहे. पण भौतिकशास्त्र आठवी-नववीच्या पलीकडचं नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

टॉर्पेडोच्या पोटात काय असतं

टॉर्पेडो म्हणजे माणसाविना चालणारी छोटी पाणबुडीच. ज्या ‘मार्क १४’ची ही गोष्ट आहे तो सव्वासहा मीटर लांब, ५३ सेंटीमीटर जाड आणि साधारण दीड टन वजनाचा होता. आत दाबाखाली भरलेली हवा, अल्कोहोल आणि पाणी. त्यांच्या ज्वलनातून वाफ, वाफेवर फिरणारं टर्बाइन, आणि शेपटाला एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे. पूर्ण वेग ४६ नॉट, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर. पाण्याखालून जाणाऱ्या वस्तूला हा वेग अफाट आहे.

एकदा नळीतून सुटला की त्याला सांभाळणारं कुणी नसतं. सरळ जाण्यासाठी जायरोस्कोप. ठरवलेल्या खोलीवर राहण्यासाठी पाण्याचा दाब मोजणारी पडद्याची यंत्रणा: दाब जास्त म्हणजे आपण खोल आहोत, वर चला, दाब कमी म्हणजे उथळ आहोत, खाली चला. आणि नाकाडात दोनशे ते तीनशे किलो स्फोटकं व ती पेटवणारी कळ. या तीन गोष्टींपैकी जायरोस्कोप तेवढा बहुतांशी नीट वागला. बाकी दोन्हींत घोळ होते, आणि कळीत तर दोन वेगवेगळे घोळ.

त्या कळीचं नाव ‘मार्क ६’. ती नौदलाची लाडकी होती. लाडाचं कारण समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं निव्वळ मूर्खपणाचं वाटेल.

मोठ्या युद्धनौकांच्या दोन्ही कुशींना जाड पोलाद आणि रिकामे कप्पे असत. टॉर्पेडो कुशीवर फुटला तर त्याचा जोर त्या कप्प्यांतच विरून जाई. पण जहाजाच्या तळाला असं चिलखत नसतं. टॉर्पेडो जहाजाखालून जाताना बरोबर कण्याखाली फुटला तर वायूचा प्रचंड बुडबुडा तयार होतो. तो जहाज मधोमध वर ढकलतो, आणि बुडबुडा विरला की खालचा आधारच जातो. जहाजाची पाठ मोडते. एकाच टॉर्पेडोत काम तमाम.

खालून जाणाऱ्या टॉर्पेडोला जहाज डोक्यावर आलं हे कळणार कसं? लोखंडाचं जहाज भोवतालच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात एक गडबड करत असतं. ती गडबड ओळखून बार उडवायचा. ही झाली चुंबकीय कळ. आणि अगदीच जहाजावर जाऊन आदळला तर धक्क्याने उडणारी साधी कळही जोडीला होतीच. कल्पना उत्तम होती, यात वाद नाही. जर्मनांनी आणि इंग्रजांनीही हीच कल्पना राबवली होती आणि तेही तोंडघशी पडले होते.

ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्टजवळच्या गोट आयलंडवर नौदलाचं टॉर्पेडो केंद्र होतं. मे १९२६ मध्ये त्यांनी ‘एल-८’ या भंगारात काढलेल्या पाणबुडीवर चुंबकीय कळीची खरी, स्फोटकांसकट चाचणी घेतली. पहिला टॉर्पेडो खालून निघून गेला, फुटलाच नाही. दुसरा फुटला आणि एल-८ बुडाली. दोनातला एक. यावर यंत्रणा सिद्ध झाली असं मानलं गेलं, आणि त्यानंतर युद्ध सुरू होईपर्यंत जिवंत स्फोटकांसह दुसरी चाचणी झालीच नाही.

का नाही? एका टॉर्पेडोची किंमत दहा हजार डॉलर होती. त्या काळात अमेरिकेत एवढ्या पैशांत दोन-तीन घरं आली असती. मधली वर्षं जागतिक मंदीची. एकदा तर ‘एरिकसन’ नावाची जुनी विनाशिका चाचणीसाठी द्यायची तयारी दाखवली गेली, पण अट अशी की खरी स्फोटकं वापरायची नाहीत, आणि चुकून टॉर्पेडो लागून ती बुडालीच तर वर काढायचा खर्च टॉर्पेडोवाल्यांनी सोसायचा. ती चाचणी बारगळली हे सांगायला नको. म्हणजे घोडा द्यायचा, पण वर बसायचं नाही, आणि बसलात तर तबेल्याचं भाडं भरा!

त्यात गुप्ततेची भर. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून चुंबकीय कळ १९४१च्या उन्हाळ्यापर्यंत खुद्द पाणबुड्यांच्या बहुतेक अधिकाऱ्यांनाही माहीत नव्हती. नवीन मिक्सर हातात द्यावा आणि पाहुणे दारात उभे असावेत, तशातला प्रकार झाला.

अंगण खरंच वाकडं होतं

डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पेटलं. फिलिपिन्समधल्या कॅव्हिटे तळावर जपान्यांनी १० डिसेंबरला बॉम्ब टाकले त्यात २३३ टॉर्पेडो जळून गेले. आधीच टंचाई होती. १९३७ साली न्यूपोर्टमध्ये तीन हजार कामगार तीन पाळ्यांत राबून दिवसाला दीड टॉर्पेडो तयार करत होते. त्यामुळे कप्तानांना ताकीद होती: जपून वापरा.

‘सार्गो’ पाणबुडीचा कप्तान टायरेल जेकब्स याने पहिल्याच फेरीत आठ हल्ल्यांत तेरा टॉर्पेडो सोडले. एकही जहाज बुडालं नाही. हा गडी शस्त्रास्त्रांचं शास्त्र शिकलेला होता. पहिला टॉर्पेडो वेळेआधीच फुटल्यावर त्याने चुंबकीय कळ स्वतःच्या जबाबदारीवर बंद केली, पुढे खोली बदलून बघितली, गणितं पुन्हा पुन्हा तपासली. शेवटी त्याने रेडिओवर शांतता पाळायचा नियम मोडून या टॉर्पेडोच्या भरवशाबद्दलच प्रश्न विचारला. शत्रूच्या पाण्यात असं करणं म्हणजे जिवाशी खेळ.

नौदलाचा शस्त्रविभाग, ‘ब्युरो ऑफ ऑर्डनन्स’, याचं उत्तर साधारण एकच असे: टॉर्पेडो उत्तम आहे, तुमचा नेम चुकतोय, तुमची देखभाल कमी पडतेय. नाचता येईना अंगण वाकडं, हे ज्याने अंगण सारवलं त्यानेच नाचणाऱ्याला सुनवावं! काही कप्तानांची बदली झाली, काहींचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. यातले काही खरोखर अति सावध होते, हेही खरं. त्यामुळे ब्युरोच्या म्हणण्याला थोडा आधार मिळत राहिला.

मिडवेच्या प्रसिद्ध लढाईतसुद्धा हा फुसका बार हजर आहे. ४ जून १९४२ रोजी ‘नॉटिलस’ या पाणबुडीने जळत्या ‘कागा’ या जपानी विमानवाहू नौकेवर टॉर्पेडो सोडले. एक लागला, फुटला नाही, आणि तुकडे होऊन स्फोटकांचा भाग बुडाला. हवेची टाकी तरंगत राहिली. तिला धरून पाण्यात पडलेले जपानी खलाशी तगले. ज्यांना मारायला पाठवलं त्यांनाच तरंगायला कामी आलेल्या शस्त्राचा दुसरा दाखला मला तरी ठाऊक नाही.

कोळ्याचं जाळं

पहिला घोळ ऑस्ट्रेलियात सापडला. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अमेरिकन पाणबुड्यांचे प्रमुख होते रिअर अ‍ॅडमिरल चार्ल्स लॉकवुड. तक्रारी वाचून वाचून त्यांनी ठरवलं, वाद घालण्यापेक्षा मोजून बघू. मासेमारीचं एक मोठं जाळं मिळवलं, आल्बनी गावाजवळच्या फ्रेंचमन बे या शांत उपसागरात ते पाण्यात उभं टांगलं, आणि २० जून १९४२ रोजी ‘स्किपजॅक’ पाणबुडीला आठ-नऊशे यार्डांवरून त्यावर टॉर्पेडो सोडायला लावला. नाकाडात स्फोटकांऐवजी तेवढ्याच वजनाचं क्षारांचं द्रावण. खोली लावली होती १० फूट. जाळ्याला भोक पडलं २५ फुटांवर.

आणखी दोन सोडले. १० फुटांवर लावलेला १८ फुटांवरून गेला. पृष्ठभागावरून जायला सांगितलेला ११ फुटांवरून.

ब्युरोने पहिल्यांदा या चाचणीतच खोट काढली. लॉकवुडनी ‘सॉरी’ नावाच्या दुसऱ्या पाणबुडीकडून ती पुन्हा करवून घेतली, आकडे तसेच आले. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल अर्नेस्ट किंग यांनी दट्ट्या लावला तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला ब्युरोने कबूल केलं की मार्क १४ सुमारे दहा फूट जास्त खोल जातो. ज्या खात्याकडे प्रयोगशाळा, इंजिनियर आणि पंधरा-वीस वर्षं होती, त्याला जे दिसलं नाही ते जाळ्याच्या भोकाने दाखवलं.

असं का होत होतं? कारणं दोन. सरावात वापरायचं नाकाड खऱ्या स्फोटकांच्या नाकाडापेक्षा हलकं होतं. म्हणजे चाचणी एका टॉर्पेडोची आणि लढाईत जड असा दुसराच. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. दाब मोजायचं छिद्र टॉर्पेडोच्या निमुळत्या शेपटाकडे होतं. वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो, हे बर्नोलीचं तत्त्व. टॉर्पेडो ४६ नॉटने पळताना शेपटाशी पाण्याचा दाब खऱ्याहून कमी भरे. यंत्रणेला वाटे, अरे आपण उथळ आहोत, आणि ती बिचारी टॉर्पेडोला आणखी खाली घेऊन जाई.

मग हे न्यूपोर्टच्या चाचण्यांत कसं दिसलं नाही? कारण खोलीची नोंद करणारं उपकरणही त्याच टॉर्पेडोत, तीच चूक करणाऱ्या जागी बसवलेलं होतं. वाण्याचा तराजू त्याच्याच मापांनी तपासला तर तो नेहमीच खरा ठरणार.

बरं, एवढं दुरुस्त झाल्यावर जहाजं बुडायला हवी होती. थोडी जास्त बुडालीही. पण आता एक नवंच दुखणं वर आलं: टॉर्पेडो जहाजापर्यंत पोचायच्या आधीच फुटू लागले.

होकायंत्राचा प्रांत बदलला

इतके दिवस टॉर्पेडो इतक्या खोलवरून जात होते की चुंबकीय कळीला जहाजाची पुरेशी चाहूलच लागत नसे. आता ते योग्य खोलीवर आले, आणि कळ भलत्याच वेळी जागी होऊ लागली. कप्तानाला पेरिस्कोपमधून जहाजाशेजारी पाण्याचा उंच स्तंभ दिसे. तो लिहून ठेवी, ‘लागला’. जहाज मात्र आपल्या वाटेने चालू लागे.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्ताजवळ त्याच्या रेषा जमिनीला जवळजवळ समांतर असतात, तर जसजसं ध्रुवाकडे जावं तसतशा त्या जमिनीत शिरत जातात. न्यूपोर्ट बरंच उत्तरेला. तिथे त्या चांगल्याच उभ्या आहेत. त्यामुळे तिथे जहाजामुळे होणारी गडबड जहाजाखाली वाटीसारखी खोल असते. तेच जहाज विषुववृत्ताकडे नेलं की ती वाटी चपटी होऊन ताटासारखी बाजूंना पसरते. टॉर्पेडो त्या ताटाच्या काठाला शिवला की कळीला वाटे, आलं जहाज डोक्यावर. धडाम. जहाज अजून लांबच.

कळ घडली न्यूपोर्टच्या थंड पाण्यात आणि लढाई चालली सॉलोमन, कॅरोलाइन, फिलिपिन्सच्या आसपास. तीसच्या दशकात विषुववृत्ताजवळ काही मोजमापं घेतली गेली होती, पण स्फोटकं लावून नव्हे.

फेब्रुवारी १९४३ मध्ये लॉकवुड पर्ल हार्बरला आले. एका बैठकीत त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन सुनावल्याचं प्रसिद्ध आहे: ब्युरोला फुटणारे टॉर्पेडो देता येत नसतील तर आम्हाला निदान एखादा लांब आकडा तरी बनवून द्या, त्याने आम्ही जपानी जहाजांचे पत्रे उचकटू. अखेर पॅसिफिकचे सेनापती अ‍ॅडमिरल चेस्टर निमित्झ यांनी २४ जून १९४३ रोजी चुंबकीय कळ बंद करायचा हुकूम दिला.

तरी गोष्ट सरळ होईना. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉकवुड यांच्या जागी आलेले अ‍ॅडमिरल राल्फ क्रिस्टी. तरुणपणी त्यांनी स्वतः ही कळ विकसित करायच्या कामात भाग घेतला होता. ते निमित्झ यांच्या हाताखाली नव्हते, त्यामुळे त्यांच्या पाणबुड्यांवर ती चालूच राहिली. एका तळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या पाणबुडीने वाटेत कळ चालू किंवा बंद करून घ्यायची. १९४३ संपत आलं आणि क्रिस्टींवर नवे वरिष्ठ आले, तेव्हा त्यांच्याकडेही ती बंद झाली. स्वतःच्या हाताने वाढवलेलं पोर वाया गेलंय हे मान्य करणं कुणालाच सोपं जात नाही. पण इथे त्याची किंमत दुसरेच मोजत होते.

निमित्झ यांच्या हुकुमानंतर राहिली फक्त जुनीपुराणी, धक्क्याने उडणारी कळ. हिच्यावर कुणाचाच संशय नव्हता. आणि हुकुमाला बरोबर एक महिना होत होता त्या दिवशी, २४ जुलैला, टिनोसाने तोनान मारूवर टॉर्पेडो सोडले.

एसटीतला ब्रेक

डॅस्पिटच्या हकिकतीत एक धागा होता, तो आता तुमच्याही लक्षात आला असेल. तिरके गेलेले दोन फुटले. काटकोनात, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मारलेले नऊ फुटले नाहीत.

लॉकवुड आणि त्यांचे सहकारी ‘स्वीड’ मॉमसेन यांनी हवाई बेटांपैकी काहूलावे या बेटाचा उभा कडा शोधला. पाण्यात थेट उतरणारा खडक म्हणजे न हलणारं जहाज. ३१ ऑगस्टला ‘मस्कालुंज’ पाणबुडीने त्यावर खरे, भरलेले टॉर्पेडो सोडले. पहिला फुटला, दुसरा फुटला, तिसरा नाही. मग पाणबुडे खाली गेले आणि न फुटलेलं, जवळजवळ तीनशे किलो स्फोटकांचं ते धूड वर काढून आणलं. (हे वाक्य लिहायला सोपं आहे.) उघडल्यावर दिसलं की कळीतल्या सुईने बार पेटवणाऱ्या टोपीवर टिचकी मारली होती, पण बार उडावा इतक्या जोराने नाही.

मग पर्ल हार्बरला क्रेन लावली. नाकाडात स्फोटकांऐवजी निरुपद्रवी भरताड घालून ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकायचं. सरळ आपटलं तेव्हा दहापैकी सात वेळा कळ उडाली नाही. पत्रा ४५ अंशांत तिरका ठेवला तर फुसक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

कारण समजून घ्यायला एसटी बस पुरेशी आहे. बसमध्ये उभे आहात, पुढे लोखंडी दांडा आहे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. तुम्ही दांड्यावर आपटून चिकटलात. नेमकं त्याच क्षणी तुम्हाला सांगितलं, हात वर करून वरची पिशवी काढा. हात उचलेल का? दांड्यावर अंग दाबलं गेलंय, कपडा घासतोय, हात हळू हळू वर जाईल किंवा जाणारच नाही. बस हळू थांबली तर तेच काम सहज होईल.

मार्क ६ कळीत तसंच होतं. बार उडवणारी सुई टॉर्पेडोच्या दिशेने पुढे न जाता, त्याच्याशी काटकोनात वर सरकायची. दोन बारीक खांबांवरून सरकत जाऊन ती टोपीवर आदळे. टॉर्पेडो जहाजावर थडकला की सगळं एकदम थांबायचं, पण जड सुई पुढे जाऊ पाहायची आणि त्या खांबांवर दाबली जायची. घर्षण इतकं वाढायचं की सुई मध्येच मंदावे, कधी खांबच वाकत. पूर्वीच्या सावकाश जाणाऱ्या टॉर्पेडोंत हीच रचना बरी चालत असे. वेग वाढला, आपटणं वाढलं, सुई तीच राहिली.

म्हणजे कप्तान जितका हुशार, नेम जितका सरळ, तितका बार फुसका निघायची शक्यता जास्त. तात्पुरता उपाय म्हणून लॉकवुडनी समुद्रात असलेल्या पाणबुड्यांना कळवलं: तिरके मारा. वर्षानुवर्षं जे घोकून घेतलं त्याच्या बरोबर उलट.

कायमचा उपाय मात्र एका बैठकीत सुचण्याइतका साधा होता: सुई हलकी करा. हलकी वस्तू खांबावर कमी दाबली जाते. पर्ल हार्बरच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या सुया कातून काढल्या. ७ डिसेंबर १९४१च्या हल्ल्यात पडलेल्या जपानी विमानांच्या पंख्यांचा धातू त्यासाठी वापरला गेला असं सांगतात. १९४३च्या सप्टेंबरअखेरीस ‘बार्ब’ पाणबुडी नव्या सुया घेऊन निघाली. युद्ध सुरू होऊन २१ महिने उलटले होते.

तीन घोळ, आणि एकाने दुसऱ्याला झाकलेलं. खोलीची चूक होती तोवर चुंबकीय कळीची चूक दिसली नाही. चुंबकीय कळ होती तोवर सुईची दिसली नाही. एक गाठ सोडवली की खाली दुसरी. ब्युरोला दोष देताना हे लक्षात ठेवायला हवं. मात्र तीनही वेळा शोध लावला तो समुद्रावरच्या माणसांनी, हाताशी असलेल्या जाळ्याने, कड्याने आणि क्रेनने. जर्मनांनाही १९४० साली नॉर्वेच्या मोहिमेत खोली आणि चुंबकीय कळ या दोन्हींनी असंच रडवलं होतं. त्यांनी आपल्या टॉर्पेडो विभागाच्या अधिकाऱ्यांवर कोर्टमार्शल चालवलं. अमेरिकेत कुणावर खटला झाला नाही.

यातून वाचलेल्यांनाही टॉर्पेडो पूर्ण प्रसन्न झाला असं नाही. जायरोस्कोप वा सुकाणू बिघडलं तर टॉर्पेडो गोल फिरून मारणाऱ्यावरच येई. मार्च १९४४ मध्ये ‘टलिबी’ अशीच गेली, वाचला एक खलाशी. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला तैवानच्या सामुद्रधुनीत रिचर्ड ओकेन यांच्या गाजलेल्या ‘टँग’ने आपला चोविसावा, शेवटचा टॉर्पेडो सोडला. तो नवा, विजेवर चालणारा मार्क १८ होता. तो वळला आणि टँगच्याच शेपटाकडे आला. ७८ जण गेले, ओकेन धरून नऊ वाचले आणि जपान्यांच्या कैदेत पडले.

तरी सुया बदलल्यावर चित्र पालटलं. नौदलाच्या दोन टक्क्यांहून कमी माणसं पाणबुड्यांवर होती, आणि जपानची जेवढी जहाजं युद्धात बुडाली त्यातल्या टनांच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त त्यांनी बुडवली. तेल, रबर, तांदूळ, कच्चं लोखंड जपानला पोचेनासं झालं. स्वतःच्या ५२ पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसं त्यांनी गमावली. यातल्या किती जणांनी शेवटच्या क्षणी फुसका बार पाहिला असेल, ते मोजायला कुणी उरलं नाही.

आणि ‘तोनान मारू क्रमांक ३’? तिला ओढत ट्रुकला नेलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी ट्रुकवर हल्ला केला त्यात ती अखेर बुडाली. सात वर्षं ती तिथल्या खाजणात पडून होती. १९५१ साली जपान्यांनी तिला वर काढलं, मायदेशी नेऊन डागडुजी केली, आणि ती पुन्हा आपल्या मूळ धंद्याला लागली: देवमाशांच्या मागे, अंटार्क्टिकाच्या समुद्रात.